थर्डमधून सेकंडला

१३ ऑक्टोबर १९९७, सोमवार

१. कार-पूलमध्ये गाडी चालवण्याची माझी पहिली पाळी. गाडी माझीच, सेकंडहँड. मागे ऑफिसातले उल्हास सर आणि विनया, शेजारी निहार.
२. दिल्लीहून जाताना गुडगाव बॉर्डरच्या अलीकडे रांग. थर्डमधून सेकंडला आले. क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटर किंचित दाबला. इंजिनाचा वेग वाढला की गिअर अलगद बसतो.
३. वेग वाढला नाही. गाडीला जोरदार हिसका.
४. उल्हास सरांच्या मांडीवर त्यांच्याच डब्यातली आमटी.

निष्कर्ष: थ्रॉटलचा प्रतिसाद मंद. चालकाचा दोष नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

विनया म्हणाली, यार, उंटावरूनच ऑफिसला जायचं होतं तर मी जैसलमेरला नोकरी धरली असती. सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. हिसके थांबले नाहीत तर मी कायमची मागच्या सीटवर आणि माझी गाडी निहार चालवणार. निहारने विचारलं, रविवारी क्लच दाखवू का? नको म्हटलं.

१५ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

कार्ब्युरेटर ट्यून केला. बॉनेट उघडून थ्रॉटल हाताने ओढला: इंजिन तत्काळ गरजलं. पेडल दाबलं: नुसतं कण्हलं. म्हणजे केबल. पेडल खाली किती जातं ते मोजलं नाही. ते कारखान्यातच ठरलेलं असतं.

आई बाल्कनीतून ओरडली, अगं, पाय गार पडत नाहीत ना? दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर तिने माझ्या पायाखाली जुन्या साड्यांची छोटी गोधडी अंथरली आहे. दिसायला वाईट, यांत्रिकदृष्ट्या निरुपद्रवी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कोटल्याच्या गॅरेजमधल्या हरभजन मिस्त्रींकडून नवी केबल. चक्कर मारली. हिसका तोच. मिस्त्री म्हणाले, गाडी बिल्कुल ठीक है बेटा, अपना बायां पैर दिखाओ. चर्चा इंजिनाची चालली असताना पायाचा विषय काढणं अशास्त्रीय.

२० ऑक्टोबर

हिसके: चार. उल्हास सर आता फक्त पोळी-चटणी आणतात. द्रव पदार्थ दिवाळीनंतर, म्हणाले.

२२ ऑक्टोबर

सरांच्या आग्रहाखातर निहारने चालवली. हिसके: शून्य. विनयाने टाळ्या वाजवल्या. त्याचे बूट जड आहेत, त्याचा परिणाम असावा.

उतरताना तो म्हणाला, ॲक्सिलरेटरचं पेडल अर्ध्यातच अडकतंय, खाली गोधडी गोळा झालीय, माहीत आहे ना?

माहीत नव्हतं. हो म्हटलं.

गोधडी काढली. प्रतिसाद उत्तम! दोष कापडाचा होता हे सिद्ध झालं. त्याच गोधडीवर निहारला हिसका का बसला नाही, हा स्वतंत्र विषय आहे. तूर्तास वेळ नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, एवढं इंजिनिअरिंग शिकलीस, वाकून खाली बघायला काय झालं होतं?

२३ ऑक्टोबर

ऑफिसात जाहीर केलं: उद्या मी चालवणार, उल्हास सरांनी आमटी आणावी. सर म्हणाले, लिहून देतेस? दिलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गोधडी नव्हती. केबल नवी. इंजिनाने वेग अगदी हवा तेवढा घेतला, स्पष्ट ऐकू आला.

आमटी या वेळी विनयाच्याही ओढणीवर. सरांनी माझं लेखी आश्वासन खिशातून काढून त्याच कागदाने पँट पुसली. विनया म्हणाली, गुरुवारी दिवाळी, बुधवारपर्यंत बघू, मग तू मागे माझ्या शेजारी बस, गप्पा मारू. निहार खिडकीबाहेर बघत होता. हसत असावा, खांदे हलत होते.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून क्लच वीस वेळा सोडला. डाव्या पायाला सरासरी अर्धा सेकंदही लागत नाही. घड्याळ दोनदा तपासलं. घड्याळ ठीक आहे.

चिठ्ठी, कच्चा मसुदा:

निहार, माझा डावा पाय क्लच फार लवकर सोडतो. मिस्त्रींचंही तेच मत आहे. मागच्या सीटवर मला बसायचं नाही. रविवारी सकाळी दाखवशील का? डबा आणू नकोस. उद्या, शनिवारी, संध्याकाळी सहापर्यंत कळव.