मौलाची शीळ

४ ऑक्टोबर १९७६, सोमवार
नोकरी लागली! पेठ वडगावात रेडिओ दुरुस्त करणारा हा इलाही आजपासून कोल्हापुरात, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात टेप ऑपरेटर. गंगावेशीत खोलीही मिळाली. सकाळी तिथल्या दूधकट्ट्यावर पिराजी गवळ्यानं डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध दिलं. पावणं, कोल्हापुरात आलाय, एका ग्लासावर भागायचं न्हाय, म्हणाला.

साहेब म्हणजे प्राध्यापक गणपतराव. मालवणच्या समुद्रात माईक सोडून त्यांनी डॉल्फिनचे आवाज टिपलेत. प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी, तीच त्याचं नाव. चुकलेल्याला बोलवायचं तर बाकीचे त्याचीच शीळ घालतात. मी ऐकतच राहिलो.

७ ऑक्टोबर
साहेब मला 'मौला' म्हणतात. मौला माझ्या आधीचा ऑपरेटर. एप्रिलमध्ये मालवणहून परस्पर पळून गेला म्हणे. मी इलाही, असं तीनदा सांगितलं. ऑपरेटर तो ऑपरेटर, म्हणाले. डॉल्फिनच्या नावांवर प्रबंध लिहिणाऱ्याला माणसाचं नाव जड जातं! पिराजीच्या अकरा म्हशींना अकरा नावं आहेत, आणि जिला हाक मारावी तीच येते. मी म्हशीपेक्षाही गेलेला. डोकं फिरलंय.

११ ऑक्टोबर
रिळाच्या सुरुवातीला ऑपरेटरनं तारीख आणि आपलं नाव बोलायचं, अशी इथली रीत. आज जुन्या रिळांची नक्कल काढायची होती. सगळी रिळं एकसारखी हवीत, मौलाचंच नाव बोल, असा हुकूम झाला. भांडायला हवं होतं. पण नोकरी लागून जेमतेम आठवडा. दातओठ खात बोललो, ऑपरेटर मौला.

नक्कल ऐकली. मूळ रिळात पाच डॉल्फिन, पाच शिळा. नकलेत सहा. सहावी माणसाची होती.

१४ ऑक्टोबर
मौलाची बायको सलिमा नवऱ्याचा ठावठिकाणा विचारायला आली. नकलेची टेप चालू होती. सहावी शीळ ऐकून ती मटकन खाली बसली. "ही तेंचीच की! दारात आलं की अश्शीच घालायचं."

ती गेल्यावर साहेबांचं कपाट उघडून एप्रिलचं शेवटचं रीळ लावलं. धप्प असा आवाज. मग पाण्यातून मौलाची शीळ, पुन्हा पुन्हा. वरून साहेब ओरडतात, होडी फिरवा, मशीन भिजेल. शीळ बारीक होत थांबते. आणि मग पाचही डॉल्फिन तीच शीळ घालू लागतात.

माणसानं टाकून दिलं, आणि जनावरं त्याला नावानं बोलवत राहिली. उद्या साहेबांना सोडणार नाही.

१५ ऑक्टोबर
साहेबांना तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, पळून गेलेला मौला हा काय माझ्यासमोर उभा आहे. माझ्यादेखत रीळ पुसलं. हलकट! मी त्यांची कॉलर धरली. शिव्या द्यायला तोंड उघडलं —

शीळ बाहेर पडली. त्याची.

साहेब पांढरेफटक पडले. मीही.

१७ ऑक्टोबर
अम्मा वडगावहून आली. रस्त्यात मागून इलाही, इलाही अशा हाका मारत होती म्हणे. मला ऐकूच आल्या नाहीत. टेपचा प्लग काढलाय. शिळा येतातच — पाच — मला बोलवतात. मला नाही. त्याला. मीच त्याचं नाव बोललो ना रिळावर.

१८ ऑक्टोबर
सलिमाला खरं सांगायला गेलो. कडी वाजवणार होतो. शीळ घातली. ती धावत आली — माझ्या तोंडाकडे बघून हसली — "आलासा व्हय?"

सांगायचं होतं, ओरडून — तो बुडाला, त्या नीचानं होडी फिरवली, मी तो नव्हे —

तोंड खारट झालंय. लिहून ठेवतो, राहील तेवढं. मी वडगावचा. रेडिओवाला. इमामबीचा मुलगा. माझं नाव मौ — नाही! खोडतो. माझं नाव इ —

इ —