राख कोरडी होती

अण्णा, आज माझ्या लेकीनं गिऱ्हाइकाला आपली गोष्ट सांगितली, म्हणून तुम्हाला हे लिहितोय.

बत्तीस सालचा सिंहस्थ. गंगेचं पाणी घरी न्यायला यात्रेकरूंना तांब्याचे गडू हवे होते, म्हणून तुम्ही घाटावरच दुकान मांडलं होतंत. मी स्वतः ठोकलेला पहिलाच गडू रात्री पाण्यानं भरून राखेवर ठेवला. आपल्या घरची परीक्षा तीच. सकाळी राख कोरडी. मी धावत तो तुमच्याकडे आणला. समोर एक कुटुंब केव्हाची घासाघीस करत होतं. तुम्ही गडू हातात घेतलात, नीट पाहिलाही नाहीत. "हा आमच्या चिरंजीवांनी केलेला. गळका आहे. आमच्या घरातून गळकं भांडं बाहेर जात नाही!" असं म्हणून सगळ्यांदेखत गंगेत भिरकावलात. त्या लोकांनी मुकाट्यानं तुमचा भाव दिला. मग तीच गोष्ट रोजची झाली. "हाच तो," म्हणत तुम्ही बोट दाखवता, लोक माझ्या हातांकडे बघून हसतात, मी हात पाठीमागे लपवतो. आई एकदा वाढता वाढता म्हणाली, "अहो, राख कोरडी होती. मी पाहिलीय." तुम्ही भात कालवत म्हणालात, "ठाऊक आहे मला. माझ्या बापानंही माझा असाच फेकला होता. मेलो का मी?" त्यानंतर मी हातोडा धरला नाही. गल्ल्यावर बसलो.

तुमचं तेरावं झालं, दुकान उघडलं, आणि त्याच दिवशी मी गोष्टीतला माणूस बदलला. आता गळका गडू तुम्ही करता, आजोबा तो फेकतात आणि तुम्ही घाटावर बसून भोकाड पसरता. भोकाड माझ्या पदरचं. गिऱ्हाइकं भिंतीवरच्या फोटोतल्या तुमच्या हातांकडे बघून हसतात. तुम्हाला ते लपवता येत नाहीत, याचं मला इतकी वर्षं फार सुख वाटत आलंय.

आता दुकान लेक बघते, मी नुसता बसून असतो. आज तिनं फोटोकडे बोट नेलंच नाही. मी बदलला तसा तिनंही माणूस बदलला. गोड आवाजात म्हणाली, "आमच्या बाबांनी जन्मात एकच गडू केला, तोही गळका. आजोबांनी गंगेत फेकून दिला!" घेणाऱ्या बाई माझ्याकडे वळून खुदकन हसल्या. लेकीला खरं काय ते मी कधी सांगितलंच नव्हतं. आज सांगणार होतो, पण बाईंनी गडू पिशवीत घातला होता, विक्री झाली होती.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. तुम्हाला एवढंच कळवतो, की बाई हसल्या तेव्हा माझे हात आपोआप पाठीमागे गेले.