खोक्यावरची मिरची

३ नोव्हेंबर, सोमवार

मेडिकलचं शटर अर्धंच उघडलं होतं, तेवढ्यात किशन हजर. बर्फाच्या डब्यात इन्सुलिनच्या बाटल्या. दुसऱ्यांकडे महिनाभर तुटवडा, याच्याकडे मात्र कधी 'नाही' नाही. एजन्सीचा माणूस असावा तर असा. चहा घेतला आणि रिकाम्या बाटल्यांचा डबाही घेऊन गेला. मागच्या वर्षी एका पोराचा पाय उकिरड्यावरच्या बाटलीनं कापला, तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगते – रिकामी बाटली परत आणा, बिस्किटाचा पुडा न्या. फुटू नये म्हणून खोक्यात घालूनच आणा. किशन ती कंपनीत पोचवतो. तिथं म्हणे जाळून टाकतात.

या वेळी खोक्यांवर 'थंड जागी ठेवा' असा मोठा कागद चिकटवलेला आहे. बरं झालं, माझं बोलणं वाचलं. पण माझी चित्रं काढायची जागाच त्यानं खाल्ली! मागच्या बाजूला काढली.

दुपारी मनकर्णाबाई आली, तिची एक बाटली नेली. वाचता येत नाही, म्हणून खोक्यावर सूर्य, चंद्र आणि दोन्हींपुढे भाकरी – म्हणजे सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. पहिल्यांदा काढून दिलं तेव्हा म्हणाली होती, "पोरी, भाकरीपाशी मिरची काढ. नाही तं मले तेबी चंद्रच वाटते." तेव्हापासून मिरची. बाकी कुणाच्या खोक्यावर नाही, फक्त तिच्या.

४ नोव्हेंबर

बाबांची बाटली संपली. दुकानातून नवी आणली.

८ नोव्हेंबर, शनिवार

लखन आला. मनकर्णाबाईचा मुलगा. भर गिऱ्हाइकांत काउंटरवर हात आपटला. "माय बेसुद पडली. शुगर पाचशेच्या वर! वाशीमले भरती केली. तुमच्याच दवाईवर होती ना ते?"

मी काय बोलले? बाटली माठापाशी गार ठेवली नसेल, म्हणाले. सुई चुकवली असेल, म्हणाले. तो म्हणाला, "सुई मीच टोचतो तिले. एक बी चुकली नाही."

माझ्या गिऱ्हाइकाला असं कधी झालं नव्हतं. 

९ नोव्हेंबर, रविवार

आज बाबांची शुगर तपासली. चारशे दहा! घरात आम्ही दोघंच, त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. गुळाच्या डब्याकडे बोट दाखवून नाही नाही ते बोलले. बाबा म्हणजे शेषराव कंडक्टर, तीस वर्षं एसटीत कुणाला फुकट नेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या खाल्ला नाही. काहून माह्यावर आळ घेऊन राह्यली?"

तेव्हा डोक्यात वीज चमकली. मनकर्णाबाई आणि बाबा. दोघांची बाटली एकाच डब्यातली!

बाबांची बाटली टेबलावर ठेवली आणि पाहत बसले. खरी दवा हलवली की दुधासारखी होते आणि बराच वेळ तशीच राहते. ही थोड्याच वेळात वरून पाणी झाली, तळाशी पिठासारखा साका. रोज हातातून जाणारी वस्तू. मला दिसलं कसं नाही? रात्रीची सुई मेहकरहून मागवून घेतलेल्या नव्या बाटलीची दिली. बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "मायी सोड. बाकीच्यायचं पाह्य."

१० नोव्हेंबर

एजन्सीत फोन केला, बिलाचा फोटो पाठवला. "या महिन्यात हा माल आम्ही पाठवलाच नाही, ताई. बिलावर नाव आमचं आहे, बिल आमचं नाही. किशनला तर दिवाळीआधीच काढून टाकलं." 

किशनचा फोन बंद.

११ नोव्हेंबर, मंगळवार

औषध निरीक्षक आल्या. दुकानातल्या सगळ्या बाटल्या सील करून नेल्या. माझा जबाब घेतला. लायसन्सचं काय, ते त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. 

मग स्कूटी घेऊन गावोगाव. ज्यांना ज्यांना ती बाटली विकली त्यांच्या दारात. बहुतेकांनी मुकाट्यानं परत दिली. इंद्रभान मात्र अडून बसला. "पैसे देले, आता वापस कायले मांगता? मंग मी काय टोचू?" बाटली हलवून त्याच्या ओट्यावर ठेवली. साका बसेपर्यंत दोघंही तिच्याकडेच पाहत होतो. मग त्यानंच उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, "बाई, हे तं शेण खानं झालं." मी त्याला मेहकरहून आणलेली चांगली बाटली दिली. त्यानं ती उन्हाकडे धरून तीनदा पाहिली. राग नाही आला मला. उद्यापासून सगळेच तसं पाहतील.

१३ नोव्हेंबर

वाशीमला जाऊन आले. मनकर्णाबाई शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात किडनीला धक्का बसलाय, किती ते नंतर कळेल. मारोतराव, तिचा नवरा, खाटेच्या पायथ्याशी बसलेला. मला वाटलं हाकलून देईल. त्यानं सरकून जागा दिली, तेच जास्त लागलं.

मी सगळं सांगितलं. दवा खोटी होती, मी ती खरी समजून दिली.  तिनं हात चाचपडत माझ्या मनगटावर आणला. "तुले तरी काय माईत, पोरी. ज्यानं केलं त्याचं होईन वाटोळं. मी तं तुह्याच हातची दवाई घेईन."

बसमध्ये वाशीमजवळच्या मालेगावपर्यंत रडत आले. पण खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. माझ्या हातून घडलं, पण मी केलेलं नव्हे, असं स्वतःला निदान दहा वेळा सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांची ती बाटली खोक्यासकट फ्रिजमध्येच राहिली होती. निरीक्षकांकडे द्यायची म्हणून काढली. फ्रिजच्या ओलीनं तो 'थंड जागी ठेवा'चा कागद सुटून लोंबत होता. ओढला तर निघालाच.

खाली स्पिरिटनं पुसलेली जागा. शाई गेलेली, पेनाचा दाब राहिलेला. उजेडात तिरपं धरलं. सूर्य. चंद्र. भाकरी. भाकरीपाशी मिरची.

हे मनकर्णाबाईनं रिकामी बाटली घालून परत आणलेलं खोकं. तिला बिस्किटाचा पुडा मीच दिला होता, आणि खोकं किशनच्या डब्यात मीच टाकलं होतं.