मावशींनी पुसलेलं घर

मंगळवार, संध्याकाळ

मानकोलीजवळचं गोदाम जळलं, त्याला लागून असलेलं घर आज तपासलं. आत धूर किती शिरलाय ते बघून मी अहवाल द्यायचा. घर राहण्याजोगं आहे की नाही, ते त्यावरून ठरणार.

पांढरा कापूस भिंतीवर फिरवला, स्वच्छ. कपाटावर, खिडकीत, तिथेही स्वच्छ. शेजारी गोदामाचा कोळसा झालाय आणि इथे काजळीचा ठिपका नाही? तिथे राहणाऱ्या मावशी खूश. म्हणाल्या, "सायेब येनार म्हनून कालच सगला घर पुसून घेतला. तसाच कसा दाखवायचा?"

पाहुणा येणार म्हटलं की आमची आईही हेच करते. पण मी पाहुणा कुठे होतो? कापूस स्वच्छ म्हणजे अहवालही स्वच्छ, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मग त्यांनी चहा आणला. मी घामाघूम झालेला बघून पंखा लावला. आगीनंतर लाईट आजच आली होती. पंखा फिरला आणि चहात काळे कण पडले. पात्यांपर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता, आणि माझाही. पंखा बंद केला, स्टुलावर चढलो. कापूस काळाकुट्ट.

चहा गेला म्हणून मावशी काही बोलतील असं वाटलं. त्या वरच बघत होत्या. म्हणाल्या, "उद्या लेक बालाला घेऊन येते. त्याची झोली हितंच, पंख्याखाली बांधनार होते."