बॅटचा आवाज, पॅडचा आवाज

सोमवार, दुपार
हॉटेलची खोली

प्रिय दादास,

नमस्कार. घसा कसा आहे? परवा दिवसभर बोलून बसला असेल, कोमट पाणी पीत जा. मी मजेत. मजेत म्हणजे काय, सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. बुधवारच्या निर्णायक सामन्यात पंच म्हणून मीच उभी राहणार आहे. सामनाधिकाऱ्यांनी आत्ता बोलावून सांगितलं. शनिवारचा माझा पहिला आंतरराष्ट्रीय सामना, आणि दुसरा थेट मालिकेचा निकाल लावणारा. तीनदा चहा मागवला, तिन्ही कप तसेच गार झाले.

मालिका चालू असताना पंचाने समालोचकाशी बोलायचं नाही, हा दंडक तुलाही पाठ आहे. बहिणीने भावाला पत्र लिहू नये, असं मात्र त्यात कुठे सापडलं नाही. मी नीट वाचून पाहिलं. पत्र आईच्या हाती देतेय. ती तुझ्या खोलीत झोपते, माझ्याकडे जेवते आणि कोणाची बाजू घ्यायची ते अजून ठरवतेय.

शनिवारचा तो झेल तुला माझ्या जागेवरून सांगते, कारण तू तो काचेमागून पाहिलास. पाहुण्यांचा कप्तान जोरात खेळत होता. सामना त्यांच्या खिशात जायला थोड्याच धावा हव्या होत्या. मैदानात नुसता गलका. पण गोलंदाज धावत येतो ना, तेव्हा सगळे क्षणभर श्वास धरतात, तेवढीच फट मला मिळते. त्या फटीत मी दोन आवाज ऐकले. आधी बारीक टक्, बॅटचा. लगेच ठप्प, तो पॅडचा. यष्टिरक्षकाने झेल घेतला, आपली अख्खी टीम ओरडली, आणि मी बोट वर केलं.

कप्तान जागचा हलेना. बॅटने पॅड बडवून मला दाखवत राहिला. त्यांचे रिव्ह्यू संपले होते, म्हणजे दाद मागायची सोय नव्हती. घरच्या पंचाने घरच्यांना सामना दिला, हे त्याच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं.

आणि गंमत पुढे आहे. त्याच षटकात नव्या फलंदाजाच्या पॅडवर चेंडू आदळला, अगदी मधल्या यष्टीसमोर. पुन्हा अपील. दादा, तेव्हा मनात चोर शिरला. म्हणाला, हा नाबाद दे, एक आपल्याला, एक त्यांना, फिटंफाट होईल, कोणी तुला घरभेदी म्हणणार नाही आणि पक्षपातीही म्हणणार नाही. पण तो बाद होता, म्हणून बोट वर केलं. नंतर मोठ्या पडद्यावर दिसलं, चेंडू यष्टीवरच जात होता. तोवर आपण सामना जिंकलो होतो आणि मी खलनायिका झाले होते.

तुझं समालोचन ऐकलं नाही, असं मी आईला सांगितलंय. ऐकलं. काल सकाळी दार लावून फीत ऐकली. दोन्ही आवाज इतके लागून होते, की पडद्यावरची आवाजाची रेघ एकदाच उसळली, म्हणून तू ठोकून दिलंस, "पॅडचाच आवाज आहे. असली माणसं या दर्जाच्या सामन्यात उभी करतं कोण?" असली माणसं. आपण भाऊबहीण हे सगळ्यांना ठाऊक. बहिणीला पाठीशी घालतो असं कोणी म्हणेल, या धास्तीने तू चेंडू नीट बघायच्या आधीच माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभा राहिलास. मला फार लागलं रे. गॅलरीतल्या शिव्या मी टोपीबरोबर काढून ठेवते. तुझं वाक्य काही निघालं नाही.

आता खरी बातमी. आज सकाळी मी सरावाच्या जाळीत गोलंदाजांची पावलं बघत उभी होते. पाहुण्यांचा कप्तान हेल्मेट काढून माझ्याकडे आला.

"मॅडम, परवा बॅटला लागला होता."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकू आलं."

"मग मी एवढा तमाशा केला, तेव्हा काहीच बोलला नाहीत?"

"बोट वर होतं की. आणखी काय बोलायचं?"

तो ओशाळून हसला. सामनाधिकाऱ्यांना त्याने सांगितलंय आणि उद्या दुपारी पत्रकारांसमोरही सांगणार आहे. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली, शांतपणे साइटस्क्रीनच्या उंच पडद्यामागे गेले आणि उड्या मारल्या. तिथे माळीबुवा पाईप गुंडाळत होते. म्हणाले, "मारा, मारा, इथे खेळपट्टी नाहीये."

तुझा टीव्हीवरचा कार्यक्रम उद्या सकाळी, त्याचं बोलणं दुपारी. मी गप्प बसले असते, तर सकाळी तू तेच पुन्हा ठासून सांगितलं असतंस आणि दुपारी सगळ्यांसमोर तुझी दांडी उडाली असती. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचा विचार मी बराच वेळ चघळला आणि तो फार गोड लागला. पण तीही फिटंफाटच झाली असती. मैदानावर केली नाही, ती घरात कशाला करू?

कप्तानाचं काही बोलू नकोस, ते त्याचं त्याला सांगू दे. तू फक्त ती फीत पुन्हा लाव, डोळे मिटून ऐक आणि ऐकू येईल ते सांग. बुधवारी मी चुकेनही. चुकले तर चांगलं ठणकावून सांग. माझी बाजू मुळीच घेऊ नकोस. आधी चेंडू बघ, मग पंच कोण आहे ते बघ, एवढंच मागणं आहे.

आज संध्याकाळी आईबरोबर "चुकलो, सोड ना आता" एवढा निरोप धाडशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. तो मी ऐकून घेणार नाही. बोललास तेव्हा माइक चालू होता. आता जे बोलायचं तेही माइक चालू असतानाच बोल.

टीव्ही लावून बसते.

तुझी,
धाकटी