जांभळ्या डोक्याचं पिल्लू

सोमवार
हुश्श! आलो एकदाचे. घर म्हणजे काडेपेटीच आहे, पण आमच्या दोघींच्या हक्काची काडेपेटी. ठमी आल्याआल्या दोन्ही खोल्यांतून नाचून आली आणि खिडकीजवळचा कोपरा माझा, म्हणून जाहीर करून मोकळी झाली. सात वर्षांची कार्टी, पण रुबाब हेडमास्तरणीचा! हे गेल्यापासून ती अशी खळखळून हसलीच नव्हती. तिला अशीच हसती ठेव रे देवा, मला दुसरं काही नको. उद्यापासून उबवणी केंद्रात कामावर जायचं. अंड्यांतून निघालेली पिल्लं तपासायची, धडधाकट ती खोक्यांत भरायची. शाळा सुरू होईपर्यंत ठमी घरीच. खालच्या घरमालकीणबाई अधूनमधून डोकावते म्हणाल्यात.

बुधवार
काम सोपं आहे, पण वास असा की घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी नाकातून जात नाही. मुकादमबाई रजेवर आहेत, त्यामुळे विचारायचं कुणाला? ज्याला त्याला आपापली घाई. आज दाराजवळ एका खोक्यात एकच पिल्लू दिसलं. एक पाय मुडपलेला, चोचीवर रक्त, डोक्यावर जांभळं औषध. म्हटलं, कुणीतरी औषध लावून बिचाऱ्याला विसरून गेलं. एप्रनच्या खिशात घालून आणलं घरी. ठमीला म्हटलं, घ्या डॉक्टरीणबाई, तुमचा पहिला पेशंट!

गुरुवार
बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरला, वर टेबललॅम्प लावला. काडेपेटीची काडी पायाला लावून चिकटपट्टीनं हलकेच बांधली. ड्रॉपरनं साखरपाणी पाजायचं काम ठमीकडे. मला हात लावू देत नाही बया! पेशंटला विश्रांती हवी म्हणते. अंग पुसताना जखम शोधली, पण कुठे सापडली नाही. रक्त नुसतं चोचीवरच होतं. बरंच झालं म्हटलं, एक काळजी कमी.

शनिवार
पिल्लू उभं राहिलं! ठमीनं टाळ्या पिटून घर डोक्यावर घेतलं. खाण्याला मात्र शिवत नाही. कुस्करलेला बलक दिला, भरड दिली, ढुंकूनही बघितलं नाही. ठमीचं बोट मात्र असं टोचलं की रक्तच आलं. मी धावले, तर पोरगी रडायचं सोडून हसत होती. मग बोट तोंडात घालून कितीतरी वेळ चोखत बसली. मी ओरडले, तेव्हा म्हणाली की छान लागतं.

सोमवार
मुकादमबाई आल्या. खोक्यातलं पिल्लू कुठे गेलं, विचारत होत्या. मी खरं ते सांगून टाकलं. औषध लावलेलं दिसलं, म्हणून घरी नेलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणाल्या, ते औषध नव्हे. जे पिल्लू इतरांना टोचून खातं, त्याच्या डोक्यावर इथे जांभळी खूण करतात आणि त्याच दिवशी त्याला संपवतात. पाय त्याचा मोडला तो त्याला ओढून काढताना. एकदा रक्ताची चव लागली की सुटत नाही, आणि एकाचं बघून दुसरं शिकतं.
हात दाखवून अवलक्षण केलं मी! तशीच धावत घरी आले. खोक्यात पिसं होती. चिकटपट्टी बांधलेला पाय होता. बाकी काही नाही.
मांजर म्हणावं, तर खिडक्या बंद. घरमालकीणबाई म्हणाल्या, वर कुणीच गेलं नाही.
ठमी जेवायला नको म्हणाली. पोट भरलंय म्हणे. तिच्या हनुवटीला एक पिवळं पीस चिकटलं होतं. मी ते काढून टाकलं.

मंगळवार
डॉक्टरांकडे नेलं. हट्ट आहे, दोन दिवस उपाशी राहिली की मुकाट्यानं जेवेल, असं ते म्हणाले. ते बोलत होते तेवढा वेळ ठमी कचऱ्याच्या डब्यातल्या लाल कापसाकडे बघत होती. घरी दूध दिलं, भात दिला, बिस्किट दिलं. सगळं ओकली.

बुधवार
पहाटे दंडात कळ आली म्हणून जाग आली. शेजारी ठमी. डोळे मिटलेले, मान खाली वर, खाली वर—
थोबाडीत मारली मी तिला. माझ्या पोरीला! हमसाहमशी रडली. म्हणाली, आई, मला थांबताच येत नाही. मग मीही रडले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि तेवढ्यात तिनं परत—

गुरुवार
मुकादमबाईंना विचारलं, असं पिल्लू कधी सुधारतं का. नाही म्हणाल्या. वेगळं ठेवलं तर? त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं आणि घरी कोण कोण असतं, विचारलं. कुणी नाही म्हटलं.
जांभळं औषध आणलं. सगळ्या जखमांवर फासलं. लाल दिसलंच नाही, तर कदाचित—

शुक्रवार
नाही उपयोग. वासानं कळतं तिला.
मान. कानाची पाळी. डाव्या हाताचं तर बघवत नाही.
मुकादमबाई दारात आल्या होत्या. घरात पोर आहे, ते घरमालकीणबाईंकडून कळलं म्हणे. सोबत केंद्रातली दोन माणसं. पोरीला बाहेर काढ, पुढचं आम्ही बघतो, म्हणाल्या. पुढचं म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही का? तोंडावर दार लावलं. माझं लेकरू आहे ते!
तिचे गाल किती आत गेलेत. फ्रॉक खांद्यावरून घसरतो. सोमवारपासून अन्नाचा कण टिकला नाही पोटात. माझ्याशिवाय—

शनिवार
मी न्हाणीघरात. आतून कडी.
दारावर टकटक चालली होती. आता थांबली.
ठमी दाराशीच बसलीय. हाक मारतेय. आई, भूक लागली. रागानं नाही, हट्टानं नाही. शाळेतून आल्यावर म्हणायची, तस्संच. आई, भूक लागली गं.

आवाज बारीक होत चाललाय.
आता नुसतंच आई.

मरेल ती. माझ्या दाराशी उपाशी मरेल, आणि मी इथे धडधाकट—
कुठली आई असं करेल?

कडी काढली.
ये गं बाळा. रडू नको. मी नाही ओरडणार. असू दे, असू दे. कुणी हिसकावून नेत नाही. घास लहान घे, ठसका ला