लेकरू झोपलं असन

प्रिय आई,

आज दुपारी मंजू माझ्यावर चिडली. तिची महिन्याची मुलगी पाळण्यात गाढ झोपली होती आणि मी तिला हलवून उठवलं. "रोज का उठवतेस गं तिला? काय मिळतं तुला?" मी लेकीला उत्तर दिलं नाही. ते तुला द्यायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

खाप्याला, आपल्या घरी, तू माझं डोहाळजेवण केलंस, आठवतं? सकाळपासून पोटातलं हलणं थांबलं होतं. तू पुरण वाटत होतीस. मी येऊन सांगितलं, तर मान वर न करता म्हणालीस, "झोपलं असन वं माय. काहून घाबरून राहिली? बाया येऊन बसल्या, लुगडं नेस."

मी हिरवं लुगडं नेसले. पालथ्या वाट्यांतली एक उचलली, खाली पेढा निघाला. "पोरगाच होते पाहा," शेजारीण म्हणाली, "अन् मायसारखाच तोऱ्याचा." सगळ्या हसल्या. मीही हसले. पोटात काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सुईण आली. बाळ रडलंच नाही. तू ते जुन्या लुगड्यात गुंडाळलंस आणि पाठ फिरवलीस. "पाहू नको. पाहिलं तर विसरनं होत नाही."

न पाहिलेलं विसरता येतं का, आई?

पेढा खरा होता की खोटा, एवढं तरी सांगायचंस. मी विचारलं की तू उठून जायचीस. मंजूच्या वेळी मी माहेरी आले नाही. का, ते तूही विचारलं नाहीस.

नागपूरची बस रोज आपल्या दारावरून जायची, त्या दिवशीही गेली. नागपुरात, धरमपेठेतल्या या घरात ती मला अजून ऐकू येते. इथून तशी कुठलीच बस जात नाही.

गेल्या महिन्यात मंजूचं डोहाळजेवण होतं, नववा लागला होता. बाया जमल्या, पानं मांडली आणि ती कानात म्हणाली, "आई, आज हलत नाहीये." मी पानं तशीच सोडून तिला ऑटोत घातलं. एक बाई मागून म्हणालीच, "जेवून तरी जा वं, एवढी काय घाई?" मी वळूनही पाहिलं नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी रडली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. पोटातली बाळं का जातात, त्यातली कुठली वाचली असती, याचा आता जगभर शोध चाललाय. बाळ हलेनासं झालं, तर थांबू नये." मी खाप्याचं सांगितलं. "कारण काय निघालं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिली बाई. आपल्या घरात एकानेही 'काहून' म्हटलं नव्हतं.

तुझी स्वतःची दोन अशीच गेली, हे मला तू गेल्यावर, तुझ्या तेरवीला, मावशीकडून कळलं. तुलाही कुणी झोपलं असन म्हणालं होतं का? तू तेच माझ्या पदरात घातलंस का?

आई, मंजूला मी आज सगळं सांगणार आहे. तिच्या आधी एक बाळ होतं, हेही. आणि उद्यापासून नातीला उठवणार नाही. पाळण्यात हात घालीन, छाती वर-खाली होते का ते पाहीन, आणि मग झोपू देईन.

तुझी,
शालू